एक्सेलमध्ये आकडा तोच ठेवून नुसतं दिसणं बदलायचंय (पेटी, लाखाचा स्वल्पविराम, आणि सर्व्हे नंबरची तारीख झालीय)

बागवाली_देवगड

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी काही कॉम्प्युटरवाली नाही. सासऱ्यांच्या बागेचा हिशोब गेली तीन वर्षं मी बघते, त्याआधी सगळं लाल वहीत होतं. दिराने एक एक्सेल शीट बनवून दिली आणि तो गेला पुण्याला, आता फोन केला की म्हणतो वहिनी मीटिंगमध्ये आहे.

तर सीझन संपला, पाऊस लागला, आता बसून सगळं नीट लावतेय. वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) टाकून झाल्या आणि खाली टोटल दिसते १,२४८,६५०. सासरे चष्मा वर करून विचारतात, हे बारा लाख की एकशेचोवीस हजार? मला १२,४८,६५० असं दिसायला हवंय.

दुसरं म्हणजे पेट्यांच्या कॉलममध्ये नुसता २५, ४० असा आकडा असला की तो पेटीचा की डझनाचा ते कळत नाही, म्हणून मी यंदा "२५ पेटी" असं लिहायला लागले तर खालची बेरीज शून्य! तिसरं काजू बीचं. वजन ३७.४५० किलो, दर ११८, रक्कम ४४१९.१०. घरच्यांना पैसे नकोत दिसायला, पण सीएला लागतात. आणि शेवटचं, बागेच्या जमिनींची एक यादी आहे त्यात सर्व्हे नंबर आणि हिस्सा १२/३ असा टाकला की १२-मार्च होतं, ११२/३ मात्र तसंच राहतं, म्हणजे अर्धा कॉलम जमीन आणि अर्धा कॅलेंडर.

भीती एवढ्यासाठी की मागच्या वर्षी नीट दिसावं म्हणून मी पैसे हाताने पुसून पूर्ण रुपये लिहिले होते आणि मग बँकेशी तेरा रुपयांचा फरक आला, तो शोधण्यात दोन रात्री गेल्या. तर आतला आकडा न हलवता नुसतं दिसणं बदलता येतं का?

शीटवाला_रत्नागिरी

येतं ताई, आणि तुमच्या चारपैकी तीन गोष्टी अगदी सोप्या आहेत. चौथीचं वाईट आहे, ते शेवटी सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सेलमध्ये आकडा एक असतो आणि त्याच्यावर चढवलेला फॉरमॅट वेगळा असतो. सेलवर क्लिक करून वरच्या पट्टीत बघा (दलालाची पट्टी नव्हे, फॉर्म्युला बार), तिथे दिसतो तो खरा आकडा. खाली सेलमध्ये दिसतो तो नुसता पोशाख. बेरीज, गुणाकार सगळं खऱ्या आकड्यावर होतं.

आता काजूचं. रकमेचा कॉलम सिलेक्ट करा, कंट्रोल आणि १ दाबा, नंबर मध्ये जाऊन डेसिमल प्लेसेस शून्य करा. ४४१९ दिसेल, वर पट्टीत ४४१९.१ तसंच राहील. सीएला पाठवताना परत दोन करा, पैसे जिथल्या तिथे असतील. मागच्या वर्षी तुम्ही जे हाताने पुसलंत ते फॉरमॅट नव्हतं, तो खरा आकडाच गेला.

पेटीचं. "२५ पेटी" टाइप केलं की एक्सेलच्या दृष्टीने ते शब्द झाले, आणि शब्दांची बेरीज तो करत नाही, गप्प शून्य धरतो. म्हणून आधी तो कॉलम सिलेक्ट करून कंट्रोल एच घ्या, वरच्या खणात स्पेससकट पेटी लिहा, खालचा खण रिकामा, रिप्लेस ऑल. नुसते आकडे उरतील. मग कंट्रोल १, डावीकडे सगळ्यात खाली कस्टम, आणि टाइपच्या खणात हे:

0" पेटी"

झालं. सेलमध्ये २५ पेटी दिसेल, आत २५ असेल, बेरीज येईल. त्या बेरजेच्या सेललाही हाच फॉरमॅट दिला की "६५ पेटी" दिसेल. दोन गोष्टी सांभाळा: कोडमधला शून्य इंग्रजी कीबोर्डचा हवा, आणि अवतरण चिन्हं सरळ हवीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केलंत तर वाकडी येतात आणि एक्सेल रुसतो.

लाखाचं. सगळ्यात चांगला उपाय एक्सेलमध्ये नाहीच, विंडोजमध्ये आहे. कंट्रोल पॅनलमध्ये रीजन, तिथे अ‍ॅडिशनल सेटिंग्ज, डिजिट ग्रुपिंगमध्ये १२,३४,५६,७८९ वाला पर्याय निवडा, ओके, एक्सेल बंद करून उघडा. मग साधा स्वल्पविरामवाला फॉरमॅट आपोआप लाख कोटीत पडतो. पण हे त्या कॉम्प्युटरपुरतं. फाइल दुसरीकडे गेली की तिथल्या सेटिंगप्रमाणे दिसणार. आकडा तोच, पोशाख तिथला.

फाइलबरोबर जायला हवं असेल तर कस्टममध्ये हे टाका:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

म्हणजे कोटीच्या वर असेल तर असं, लाखाच्या वर तसं, नाहीतर नेहमीचं. अर्धविरामाने तुकडे पडतात. अटी दोनच घालता येतात म्हणून उणे आकड्याला लाखवाला हिशोब लागत नाही, म्हणजे दलालाकडे उलट देणं निघालं तर ते परत -१,२४८,६५० असंच दिसणार. (तशी पट्टी येऊ नये हीच गणपतीपुळ्याला प्रार्थना.)

आता सर्व्हे नंबर. हे दिसण्याचं प्रकरणच नाही. एक्सेलमध्ये तारीख म्हणजे आकडाच असतो, १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून एकेक दिवस मोजत यायचं. तुम्ही १२/३ टाकलंत त्या क्षणी त्याने ते १२ मार्च समजून आत दिवसांचा आकडा भरला, २०२५ साली टाकलं असेल तर ४५७२८. आता फॉरमॅट टेक्स्ट केलात तर १२/३ परत येत नाही, हेच ४५७२८ तोंड वर करून बघतं. ११२/३ अशी तारीख होऊच शकत नाही म्हणून ते वाचलं.

म्हणून कॉलम आधी टेक्स्ट करायचा, मग टाइप करायचं, हाच क्रम. किंवा एखाददुसराच असेल तर आधी एक अ‍ॅपॉस्ट्रॉफी आणि मग १२/३.

तात्या_मालवण

माझ्या बापाशीन पन्नास वर्सां वहीत हिशोब लिवलो, कधी सर्व्हे नंबराची तारीख जाली नाय. 😄

शीटवाला_रत्नागिरी

तात्या, वहीला वाळवी लागते.

तात्या_मालवण

व्हय म्हाराजा. लागली.

बागवाली_देवगड

शीटवाला दादा, काय सांगू, पेटीचं झालं!! सासऱ्यांना दाखवलं तर म्हणाले असं आधीच का नाही केलंस. लाखाचं पण झालं, विंडोजवालं केलं.

पण सर्व्हे नंबरांच्या साधारण साठ ओळी आहेत, त्यातल्या निम्म्या तारखा झाल्यात. टेक्स्ट नावाचा फंक्शन वापरून दिवस/महिना काढला तर परत १२/३ मिळेल असं एका व्हिडिओत बघितलं, ते करू का? आणि एक, मी पैसे लपवले तेव्हा तीन पावत्या १२५०, १८७५, ९९० दिसतात आणि बेरीज ४११६. मी कॅल्क्युलेटरवर केली तर ४११५ येते. कोण खरं?

हिशोबनीस_चिपळूण

ताई, दोघं खरं. तुमच्या पावत्या असतील १२५०.४०, १८७५.४० आणि ९९०.४०. प्रत्येकाचे चाळीस पैसे दिसत नाहीत पण आत आहेत, तिघांचे मिळून १ रुपया २० पैसे झाले, खरी बेरीज ४११६.२०. दिसणारे आकडे जोडून कॅल्क्युलेटरवर बेरीज करणारा प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारतो, आमच्याकडे ऑडिटला येणारे पण विचारतात.

घरात दाखवायला चालतं, पण कोणाला छापील पावती द्यायची असेल तर तिथे फॉरमॅटने भागत नाही, तिथे राउंड फंक्शनने खरंच पूर्ण रुपया करा, वेगळ्या कॉलममध्ये, मूळ कॉलम न हलवता. मग खालची बेरीजही त्या राउंड केलेल्या कॉलमची. ज्याच्या हातात कागद आहे तो कागदावरचेच आकडे जोडणार, त्याला आत काय आहे ते दिसत नाही.

आणि आता एक सावध करून ठेवतो, कारण हा फरक बघून कोणीतरी शहाणा तुम्हाला सांगेल की ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये, खाली खाली गेलं की "सेट प्रिसिजन अ‍ॅज डिस्प्लेड" म्हणून एक खूण आहे ती करा, बेरीज जुळेल. जुळते. कशी जुळते? त्या वर्कबुकमधले सगळे आकडे दिसतात तसे आतून कापून टाकते. कायमचे. खूण काढली तरी पैसे परत येत नाहीत. मी आधी एका पतसंस्थेत होतो तिथे मार्चएंडच्या गडबडीत माझ्या हातून हे झालंय. व्याजाचा कॉलम शून्य डेसिमलवर होता, एका खुणेसरशी साडेसातशे खात्यांचे पैसे गायब, आणि मी ते सेव्ह करून चहाला गेलेलो. आदल्या दिवशीच्या पेनड्राइव्हवरच्या कॉपीने वाचवलं. एक्सेल एक इशारा देतो त्या वेळी, पण इशारे वाचतो कोण.

दुसरी तशीच जागा म्हणजे सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने खण पाडलेली नुसत्या मजकुराची फाइल. बँकेच्या पोर्टलवर चढवायला किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायला आपण फाइल सीएसव्हीमध्ये सेव्ह करतो ना, त्यात एक्सेल आतला आकडा लिहीत नाही, दिसतो तो लिहितो. पैसे लपवलेत तर सीएसव्हीत पैसे नाहीत. "२५ पेटी" दिसत असेल तर सीएसव्हीत २५ पेटी जाईल, आणि पलीकडचं सॉफ्टवेअर बोंबलेल. तेव्हा सीएसव्ही काढण्याआधी फॉरमॅट जनरल किंवा पुरते डेसिमल, आणि नेहमीची एक्सेल फाइल वेगळी जपून ठेवायची. खात्याचा नंबर कॉलममध्ये असेल तर तो पण टेक्स्ट, कारण एक्सेल पंधराच अंक खरे ठेवतो, सोळावा अंक तो शून्य करून टाकतो. आधारचे बारा असतात, ते यातून सुटतात, पण जनरलमध्ये ते E+11 असं काहीतरी दिसतात आणि सीएसव्हीत तसेच जातात, म्हणून तोही कॉलम टेक्स्टच.

सर्व्हे नंबरचं शीटवाल्यांनी सांगावं, पण मी असतो तर व्हिडिओवर गेलो नसतो.

शीटवाला_रत्नागिरी

बरोबर. टेक्स्ट फंक्शनने १२ मार्चचं "१२/३" होईल, पण समजा मूळ नंबर ३/६५ होता, तर एक्सेलने तो मार्च १९६५ समजलेला आहे, म्हणजे आत १ मार्च १९६५. त्याचं दिवस/महिना काढलंत तर येईल १/३. दुसऱ्याच कोणाच्या तरी जमिनीचा नंबर! आणि तो दिसायला इतका बरोबर दिसेल की कोणाच्या लक्षात पण येणार नाही. निम्म्या म्हणजे तीसेक ओळी आहेत, सातबारे समोर घ्या, कॉलम टेक्स्ट करा आणि हाताने टाका. अर्ध्या तासाचं काम.

आणि यात तुम्ही एकट्या नाही. माणसाच्या काही जनुकांची (जीन्सची) नावं मार्च१, सेप्ट१ अशा धाटणीची होती, शास्त्रज्ञांच्या शीटमध्ये त्यांच्या तारखा व्हायच्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने एक्सेलपुढे हात टेकले आणि जीन्सचीच नावं बदलली. आपल्याला काय तलाठी सर्व्हे नंबर बदलून देणार नाही.

ट्रॉलर_हर्णै

मध्येच घुसतोय, वेगळा धागा काढत नाही, माफी. १ जूनपासून मासेमारीला बंदी, बोट वर ओढलीय, म्हणून मी पण हिशोब काढतोय. इंजिन किती तास चाललं ते लिहिलंय, तीन फेऱ्या, १७:३०, १९:१५, १४:४५. बेरीज येते ३:३०. साडेतीन तासात तर आम्ही बंदर पण सोडत नाही नीट.

शीटवाला_रत्नागिरी

हाहा. बेरीज बरोबरच आहे दादा, दिसणं चुकलंय. ५१ तास ३० मिनिटं झाली, त्यातले दोन पूर्ण दिवस म्हणजे ४८ तास घड्याळासारखे गिळले गेले आणि उरलेले साडेतीन दिसतायत. कस्टममध्ये तासाच्या एच ला चौकटी कंस घाला, नंतर कोलन, नंतर दोन एम. ५१:३० दिसेल.

पण डिझेल काढायला जाल तेव्हा जपून. एक्सेलच्या लेखी एक दिवस म्हणजे १. तुम्हाला ५१:३० दिसतंय पण आत २.१४५८ आहे. समजा तासाला २० लिटर धरलं आणि त्या सेलला सरळ २० ने गुणलंत तर येणार ४२.९ लिटर, पंपवाला हसेल. आधी २४ ने गुणा, मग २०. म्हणजे १०३० लिटर. आणि उत्तराच्या सेलचा फॉरमॅट जनरल करा, नाहीतर तो लिटरचं पण घड्याळ करेल.

ट्रॉलर_हर्णै

४२.९ च आलेलं 🙈 मला वाटलं इंजिन सुधारलं.

मास्तरीण_गुहागर

आमच्या देवळाच्या उत्सवाचा जमाखर्च मी लावते आणि तो मराठी आकड्यांत बोर्डावर लागतो. आजपर्यंत मी एक्सेलमधून वर्डमध्ये घेऊन एकेक आकडा मराठीत टाइप करायचे, आणि दर वर्षी कुठेतरी ६ चा ९ व्हायचा आणि सभेत त्याच्यावरच अर्धा तास. फॉरमॅटने मराठी आकडे होतात का? आणि शाळेत एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस (तसंच दुसरं सॉफ्टवेअर) आहे, त्यात लाखाचं काय?

शीटवाला_रत्नागिरी

होतात बाई. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये कस्टमला हे टाका:

[$-4000439]#,##0

आकडे देवनागरीत दिसतील, आत नेहमीचेच असतील, बेरीज वजाबाकी सगळं चालेल. विंडोजचं ग्रुपिंग वर सांगितलं तसं केलेलं असेल तर लाखाचे स्वल्पविराम पण बरोबर पडतील. कॉपी करून वर्डमध्ये टाकलंत तर देवनागरीच जातील कारण बाहेर कॉपी करताना दिसणारं जातं. पण मेल मर्ज करून (वर्डच्या एका नमुन्यात शीटमधली माहिती आपोआप भरून) पावत्या काढणार असाल तर तो उलटा, तो आतला आकडा उचलतो, फॉरमॅट सोडून देतो.

लिब्रेऑफिसमध्ये फॉरमॅट सेल्स उघडलंत की नंबर्सच्या पानावरच भाषेची यादी असते. तिथे इंग्लिश (इंडिया) निवडा आणि थाउजंड्स सेपरेटरची खूण करा, लाखात पडतं. विंडोजला हात लावायची गरज नाही. या बाबतीत ते एक्सेलपेक्षा शहाणं आहे, हे माझं वैयक्तिक मत.

हिशोबनीस_चिपळूण

अजून एक, ही माझी आवडती आहे. अध्यक्षांना सगळं "लाखात" हवं असतं, १२.४९ लाख असं. एक्सेलमध्ये हजारात दाखवायची सोय आहे, लाखात नाही, पण अशी चोरवाट आहे:

0\.00," लाख"

शेवटचा स्वल्पविराम आकडा हजाराने लहान करून दाखवतो, १२४८६५० चे १२४९, आणि मधला टिंब हा खरा दशांश नाहीच, नुसतं चित्र म्हणून दोन अंकांच्या आधी रोवलेला आहे. म्हणून १२.४९. ४५ हजार असतील तर ०.४५ लाख. आत अजूनही १२४८६५० च.

आणि शीटवाले, तुमच्या लाखाच्या कोडमध्ये एक भोक आहे. ९९९९९.६० टाकून बघा.

शीटवाला_रत्नागिरी

...१००,००० दिसतं. लाखाच्या खाली आहे म्हणून तिसऱ्या तुकड्यात गेलं आणि मग दिसताना वर सरकलं. सहा वर्षं हा कोड वापरतोय, कोणी पकडलं नव्हतं. मग अट 100000 ऐवजी 99999.5 घालायची, कोटीची पण तशीच 9999999.5. धन्यवाद, आणि तुमच्याशी कधी ऑडिटचा संबंध येऊ नये.

बागवाली_देवगड

सर्व्हे नंबर झाले. सातबारे घेऊन बसले, सासरे वाचत होते, मी टाकत होते. कॉलम आधी टेक्स्ट केला. दोन ठिकाणी एक्सेल नाही तर आम्हीच चुकलेलो निघालो, एक हिस्सा वाटणीत चुलत सासऱ्यांकडे गेला होता तो आमच्या यादीत होता, तो काढला.

सीएसव्हीचं वाचून मागच्या महिन्यात बँकेला दिलेली फाइल उघडून बघितली. पैसे नव्हते त्यात. उद्या जाते.